अष्टपैलू विद्यार्थी व्हायचंय? आधी मैदान सोडा

तुमच्या घरात अभ्यासात पुढे आणि खेळातही पुढे असं एखादं लेकरू असेल, तर आधी माझी मनापासून सहानुभूती घ्या. गेल्या शनिवारी लेकीच्या कॉलेजच्या पारितोषिक वितरणाला मी साडेतीन तास प्लास्टिकच्या खुर्चीवर बसले होते. त्यातले दोन तास प्रमुख पाहुणे 'वाटेत' होते. तिथे जे ज्ञान पदरी पडलं, ते एकटीने ठेवून घेणं बरं नव्हे, म्हणून वाटते आहे.

या कॉलेजात 'अष्टपैलू विद्यार्थी' नावाचा फिरता चषक आहे. अभ्यास आणि क्रीडा, दोन्हींत चमकणाऱ्यासाठी. तो कसा पटकवावा, ते सांगते.

पहिलं म्हणजे खेळ जपून निवडा. माती, घाम आणि गावाबाहेरचा प्रवास, या तिन्हींपासून लांब राहा. अर्जातला गुणांचा तक्ता नीट वाचलात तर तुम्हालाही पटेल. विद्यापीठाच्या संघात निवड झाली, तर 10 गुण. कॉलेजच्या वार्षिक क्रीडा सप्ताहात पहिले आलात, तरी 10 गुण. आता आमची लेक मूर्ख. तिने खो-खो निवडला. सकाळी साडेपाचला मैदान, खांबाजवळ सूर मारताना कोपराची कातडी जाते, ती परत येईपर्यंत पुढचा सामना उभा. आधी आंतरमहाविद्यालयीन, मग विभागीय, मग निवड चाचणी, मग सराव शिबिर, मग पश्चिम विभाग आंतरविद्यापीठ स्पर्धा. एवढं सगळं करून 10. चषकाचा मानकरी ठरलेल्या मुलाने स्टाफरूमशेजारच्या खोलीत कॅरमचे चार डाव जिंकले होते, त्यातले दोन समोरचा आलाच नाही म्हणून. त्यालाही 10. (कॅरमवाल्यांनी रागावू नये, खेळ उत्तमच आहे. आणि त्या पोराबद्दल माझी काही तक्रार नाही. नाव पुकारलं तेव्हा तो बिचारा स्वतःच मागे वळून बघत होता.)

ट्रॅकसूटवर जीव लावू नका, परत जमा करायचा असतो.

आता हजेरी. हा विषय नीट समजून घ्या, कारण सगळी ग्यानबाची मेख इथे आहे. चषकासाठी पात्र व्हायला 75 टक्के हजेरी लागते. योग्यच आहे, शिस्त हवीच. तुम्ही म्हणाल, कॉलेजच्या वतीने खेळायला गेलेली पोरगी वर्गात कशी असेल? असले प्रश्न विचारायचे नसतात. त्यासाठी पत्राची सोय आहे. जिमखान्याचे सर पत्र देतात की ही विद्यार्थिनी अमुक ते अमुक तारखेला स्पर्धेला होती, तिची हजेरी धरावी. ते पत्र ऑफिसात द्यायचं. ऑफिस म्हणतं, विभागप्रमुखांची सही आणा. विभागप्रमुख म्हणतात, आधी वर्गशिक्षकांची आणा. वर्गशिक्षिका नॅकच्या, म्हणजे कॉलेजांचा दर्जा ठरवणाऱ्या संस्थेच्या, तपासणीच्या मीटिंगमध्ये असतात. त्या बाहेर येतात तेव्हा ऑफिसची खिडकी बंद झालेली असते. लेकीने तीन पत्रं दिली. तिन्हींच्या झेरॉक्स माझ्या कपाटात आहेत, एकीवर चहाचा डागही आहे, तो माझा नाही. फेब्रुवारीत यादी लागली, हजेरी 68 टक्के. मी स्वतः गेले. खिडकीतल्या साहेबांनी फाइल उघडली, तिन्ही पत्रं त्यात व्यवस्थित लावलेली होती. म्हणाले, "मॅडम, पत्रं आहेत हो. पण आवक नोंद नाही ना झालेली." म्हणजे पत्र आलेलं आहे, त्यांच्या हातात आहे, पण ते आलेलं नाही. मी विचारलं, मग आता करा की नोंद. तर म्हणे, मागच्या तारखेची नोंद करता येत नाही, नियमात बसत नाही. नियम! तीन तीन महिने कागद तसाच पडू देणं नियमात बसतं, आणि रेल्वेच्या दाराशी किटबॅगवर बसून कॉस्टिंगची गणितं सोडवत परत येणाऱ्या पोरीची सात टक्के हजेरी मात्र बसत नाही! स्पर्धेच्या आठवड्यातच अंतर्गत परीक्षा ठेवली होती, ती बुडली, तर एका प्राध्यापकांनी भर वर्गात विचारलं, "खेळायचंय की शिकायचंय, एकदा ठरव." अहो, ती दोन्ही करते आहे म्हणून तर हा चषक आहे ना? सीजीपीए 8.9 आहे तिचा. कुणाच्या मेहेरबानीने नाही. रात्री गुडघ्याला तेल-हळद लावून टेबलाशी बसते, हे मी बघते.

असो. सल्ले द्यायचे होते, नाही का.

फोटो मात्र भरपूर काढून ठेवा, कॉलेजला लागतात. हजेरीच्या नोंदवहीत आमची लेक सापडत नसली तरी गेटवरच्या फ्लेक्सवर ती आहे, गळ्यात पदक, खाली 'आमच्या महाविद्यालयाचा अभिमान', आणि तिच्या दुप्पट आकाराचे संस्थेचे पदाधिकारी. नॅकच्या पाचव्या निकषात विद्यार्थ्यांनी मिळवलेली बक्षिसं दाखवावी लागतात, तेव्हा तिचं प्रमाणपत्र स्कॅन करून पाठवा म्हणून तीनदा व्हॉट्सअ‍ॅप आला. तेव्हा आवक नोंदीची अडचण आली नाही. 2025 च्या जानेवारीत दिल्लीत खो-खोचा पहिला विश्वचषक झाला आणि प्रियांका इंगळेच्या भारतीय महिला संघाने तो जिंकला, त्या रात्री कॉलेजच्या ग्रुपवर झेंड्यांचा नुसता पाऊस पडला होता. झेंडा पाठवायला वर्गशिक्षकांची सही लागत नाही.

नातेवाईक विचारतीलच, "खेळून काय मिळतं?" त्यांना सरकारी नोकरीतलं खेळाडूंचं 5 टक्के आरक्षण सांगा, गप्प बसतात.

स्टेजवर गेल्यावर हुरळून जाऊ नका. चषक हातात येईल, फोटो निघेल, आणि पायऱ्या उतरताच एक शिपाई तो काढून घेईल. "नाव कोरायचंय" म्हणतात. शनिवारी तोच एक चषक चौघांच्या हातात फिरला, क्रमाक्रमाने वेगवेगळ्या पुरस्कारांसाठी. चौथ्याच्या वेळेला त्याचं एक कान निसटलं, ते सूत्रसंचालक बाईंनी पर्समधल्या रबरबँडने बांधलं. फिरता चषक म्हणतात तो हाच असावा.

आणि भाषणाला टाळ्या वाजवा. पाहुणे एकदाचे आले आणि त्यांनी खाशाबा जाधव काढले. काढायलाच हवेत. 1952, हेलसिंकी, कांस्यपदक, स्वतंत्र भारताचं पहिलं वैयक्तिक ऑलिंपिक पदक. 15 जानेवारी, त्यांची जयंती, राज्य क्रीडा दिन. सगळं पाठ होतं साहेबांना. स्टेजवरची सगळी मंडळी माना डोलावत होती. मी मागच्या रांगेत बसून वाट बघत होते की हा माणूस पुढची गोष्ट सांगेल. नाही सांगितली.

मग मी सांगते. खाशाबांकडे हेलसिंकीला जायला पैसे नव्हते. तेव्हा ते जिथे शिकले त्या कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी स्वतःचं राहतं घर गहाण ठेवलं आणि 7000 रुपये उभे केले. प्राचार्यांनी. घर. त्यांनी आवक नोंद बघितली नाही.

कॉलेजवाल्यांनो, तुम्हाला घर गहाण ठेवा असं कुणी म्हणालेलं नाही. पैसे मागितले नाहीत, बूट मागितले नाहीत, सामन्याला या म्हणून आग्रहही धरला नाही. एक शिक्का मारायचा होता. तीन कागदांवर तीन शिक्के. तेवढं झालं नाही तुमच्याने. वर त्याच पोरीचा फोटो गेटवर लावताना लाज वाटली नाही, तिचं प्रमाणपत्र नॅकला दाखवताना वाटली नाही, आणि तिला प्रेक्षकांत बसवून खाशाबांवर भाषण ऐकवताना तर नाहीच नाही. ती काही बोलली नाही. घरी आली, बूट धुतले, गॅलरीत वाळत टाकले. मला मात्र बोलायचं आहे.

सोमवारी येते आहे मी ऑफिसात. पत्रांची नोंद करा, नाहीतर गेटवरचं फ्लेक्स उतरवा, दोन्हींतलं एक माझ्यासमोर झालं पाहिजे. झेरॉक्स आणते, शिडी लागली तर तीही आणते. खिडकी साडेअकरालाच उघडते ना?