‘सेट नो८७’ लिहिलं की गणित सुधारतं म्हणे!

डॉस या जुन्या संगणकप्रणालीवरचे प्रोग्राम चालवणाऱ्यांत सध्या एक फॉरवर्ड फिरतोय. संगणक सुरू होताना वाचल्या जाणाऱ्या ऑटोएक्झेक फाइलमध्ये ‘सेट नो८७=१’ आणि ‘सेट ८७=एन’ लिहा, मॅथ कोप्रोसेसर (दशांशाची गणितं करणारी चिप) सगळ्या प्रोग्रामांसाठी बंद, उत्तरं अचूक आणि वर वेगही जास्त! माझ्या मावसभावाने त्या ओळी टाकल्या आणि फोरट्रान भाषेतला प्रोग्राम रखडायला लागल्यावर फोन मला केला. म्हणून हे लिहिणं आलं.

वेगाचं तर सोडाच. चिप जो भागाकार एका सूचनेत करते, त्यासाठी एम्युलेटर, म्हणजे चिपची नक्कल करणारं सॉफ्टवेअर, पूर्णांकांच्या ढीगभर सूचना खर्च करतो.

खरा घोळ ‘सगळ्या प्रोग्रामांसाठी’ या शब्दांत आहे. प्रोसेसरला या ओळींचा पत्ताही नसतो. त्या वाचते रनटाइम लायब्ररी, म्हणजे कंपायलरने (लिहिलेला प्रोग्राम चालवण्याजोग्या एक्झी फाइलमध्ये बदलणाऱ्या सॉफ्टवेअरने) त्या फाइलमध्ये घातलेला तयार कोड. मायक्रोसॉफ्टच्या कंपायलरची लायब्ररी नो८७ शोधते, बोरलँड या दुसऱ्या कंपनीची ८७. मायक्रोसॉफ्ट सी मध्ये ‘एफपीआय’ पर्यायाने कंपाइल केलं असेल, तर दशांशाच्या सूचनांच्या जागी ३४ ते ३डी हेक्स या क्रमांकांचे इंटरप्ट (प्रोसेसरला दुसऱ्या कोडकडे वळवणारे संकेत) बसतात. कोप्रोसेसर सापडला तर तिथे खरी सूचना लिहिली जाते, नो८७ दिसलं तर काम एम्युलेटर करतो. ‘एफपीआय८७’ने कंपाइल केलेल्यात एम्युलेटरच नाही, मग काम कोण करणार? आणि ‘एफपीए’ पर्यायाने कंपाइल केलेला प्रोग्राम कोप्रोसेसरला मुळात हातच लावत नाही. असेंब्लीत, म्हणजे थेट प्रोसेसरच्या सूचनांत, हाताने लिहिलेला प्रोग्राम तर या ओळी बघतही नाही.

बरं, तो ‘१’ कशाला? मायक्रोसॉफ्टच्या मॅन्युअलप्रमाणे बरोबरच्या चिन्हापुढचा मजकूर हा पडद्यावर दाखवायचा संदेश असतो. प्रोग्राम सुरू होताना एकटाच ‘१’ का उमटतो, हा भावाचा दुसरा प्रश्न होता.

अचूकतेच्या दाव्यात अर्धं सत्य आहे, नाइलाजाने मान्य करतो. १९९४ मध्ये इंटेलच्या पेंटियम प्रोसेसरच्या भागाकारात दोष सापडला: ४१९५८३५ भागिले ३१४५७२७ याचं उत्तर १.३३३८२ ऐवजी १.३३३७३ यायचं. एम्युलेटर असलेल्या प्रोग्रामांपुरता तेव्हा हा उपाय चालायचा. पण दोष त्या चिपांचा होता, कोप्रोसेसर या जातीचा नव्हे.

फॉरवर्डमधली सगळ्यात घातक ओळ शेवटची: ‘परत चालू करायला ८७=वाय लिहा.’ वायचा अर्थ ‘शोधू नकोस, चिप आहे असं धर’. बोरलँडच्या टर्बो सी कंपायलरचं मॅन्युअल स्पष्ट बजावतं की चिप नसताना असं केलं तर मशीन हँग होईल. पूर्ववत करायचं तर ‘सेट ८७=’ आणि ‘सेट नो८७=’ एवढंच लिहून पुढे काही लिहू नका, आणि बरोबरच्या चिन्हाआधी जागाही सोडू नका.