पहिली सेमी-ऑटो: गॅस की इनर्शिया? एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार.

तुम्ही वेळ काढून मुद्देसूद लिहिलंत, म्हणून उत्तरही सविस्तर देतो. मूळ लेख ज्यांनी वाचला नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. टेक्सासच्या किनारपट्टीवर बदकांच्या शिकारीसाठी पहिलीच सेमी-ऑटो (दर बारानंतर पुढचं काडतूस आपोआप भरणारी बंदूक) घेणाऱ्याने तीन इंची चेंबरची (नळीत काडतूस बसतं त्या जागेची), गॅसवर चालणारी बारा बोअर घ्यावी, असं मी लिहिलं होतं. त्यावर तुमचं म्हणणं असं: गॅसची बंदूक दलदलीत दगा देते, तिथे इनर्शियाचीच, म्हणजे मागे येणाऱ्या धक्क्यावर चालणारी बंदूक हवी, पोलादी छर्ऱ्यांना साडेतीन इंची चेंबरशिवाय गत्यंतर नाही, आणि नवीवर पैसे घालण्यापेक्षा जुनी ब्राउनिंग ऑटो-फाइव्ह घ्यावी, ती जन्मभर पुरते. शिवाय एच-१बी व्हिसावाल्यांचा उल्लेखच लेखात का नाही, असंही तुम्ही विचारलंत.

पहिल्या आक्षेपात तुमचं निम्मं बरोबर आहे. ‘गॅसची बंदूक कुठलंही काडतूस चालवते’ हे माझं वाक्य ढिसाळ होतं. या बंदुकीच्या नळीला बारीक छिद्रं असतात. त्यांतून गॅस खाली येतो, पिस्टन ढकलतो आणि पिस्टन बोल्टला (चेंबर मागून बंद करणाऱ्या भागाला) मागे नेतो. त्याच गॅसबरोबर दारूची काजळी येते आणि पिस्टनवर, मॅगझिनच्या (पुढची काडतुसं ठेवायच्या) नळीवर बसते. काही शे बार न पुसता काढले आणि वर सढळ हाताने तेल ओतलं, की काजळी आणि तेल मिळून चिकट लगदा होतो. बोल्ट पुरता मागे जात नाही आणि रिकामं काडतूस बाहेर पडायच्या तोंडाशीच अडकतं. १९६३ साली आलेल्या रेमिंग्टन ११०० मध्ये आणखी एक नाजूक जागा आहे. गॅस अडवणारी रबरी रिंग चिरली की गॅस वाया जातो आणि बंदूक एकेका बारावर थांबू लागते. ही रिंग अगदी स्वस्त मिळते. ११०० वापरणाऱ्याच्या पिशवीत दोन रिंगा कायम असाव्यात.

पण इनर्शियाला खोड नाही असं तुम्ही लिहिलंत, ते मान्य नाही. तिथे बोल्टचं डोकं आणि धड यांच्यामध्ये एक जाड स्प्रिंग असते. बार झाला की सगळी बंदूक मागे येते. बोल्टचं धड मात्र जागीच राहू पाहतं, त्यामुळे स्प्रिंग दबते आणि मग उसळून बोल्टला मागे फेकते. काजळी यंत्रणेत शिरत नाही, हा मोठा फायदा. पण या सगळ्यासाठी बंदुकीला मागे सरकायला मोकळीक हवी. नळीखाली जड टॉर्च बांधला, दस्त्यावर (खांद्याला टेकवायच्या मागच्या भागावर) भरलेला काडतूसपट्टा चढवला किंवा दस्ता नावेच्या काठाला टेकवून बार काढला, की तेवढा जोर कमी पडतो. मग २८ ग्रॅम छर्ऱ्यांची हलकी काडतुसं अडखळायला लागतात.

दुसरी खोड जास्त त्रासाची. पहाटे आवाज नको म्हणून माणूस बोल्ट हाताने धरून हळूच पुढे सोडतो. बोल्टचं डोकं पुरतं फिरत नाही, कुलूप बसत नाही. चाप ओढला की नुसता ‘क्लिक’. बोल्ट नेहमी पूर्ण मागून मोकळा सोडायचा. बंदूक कुठे आपटली असेल तर नळी सुरक्षित दिशेला धरून, बोट चापापासून दूर ठेवून बोल्टचं हँडल तळव्याने पुढे दाबून पाहायचं. इनर्शियाच्या बंदुका बनवणाऱ्या बेनेली कंपनीने सुपर ब्लॅक ईगल ३ मध्ये यावर उपाय केला आहे, पण जुन्या बंदुका बाजारात भरपूर फिरतात.

आता ज्याकडे दोन्ही बाजूंचे लोक काणाडोळा करतात ते सांगतो. दलदलीत अडकलेल्या बंदुकीचं मूळ पुष्कळदा गॅसमध्येही नसतं आणि इनर्शियातही नसतं. ते दस्त्याच्या पोटातल्या, बोल्टला परत पुढे ढकलणाऱ्या स्प्रिंगमध्ये असतं. रेमिंग्टन ११०० मध्ये ती तिथेच, बेनेलीतही तिथेच. बंदूक पाण्यात पडली किंवा पावसात उभी राहिली, की पाणी त्या नळीत उतरतं आणि निघत नाही. गॅल्व्हस्टन उपसागराकाठचं पाणी खारट. एका हंगामात गंज धरतो. बोल्ट रेंगाळत पुढे येतो आणि काडतूस चेंबरमध्ये अर्धवट बसतं. बाहेरून सगळं चकचकीत असल्यामुळे माणूस काडतुसांना दोष देतो. हंगाम संपला की बंदूक रिकामी आहे हे दोनदा तपासून दस्ता उतरवा, डोळ्यांवर चष्मा चढवा (स्प्रिंग दबलेली असते, सुटली तर तोंडावर येते), ती काढून नळीसकट कोरडी पुसा आणि तेलाचा अगदी पुसट हात फिरवा. इनर्शियाच हवी असेल तर फ्रँकी अफिनिटी पाहा. तिची ही स्प्रिंग पुढे मॅगझिनच्या नळीभोवती असते, पुढची मूठ काढली की हाताला लागते.

एवढं असूनही नवशिक्याला मी गॅसकडेच का वळवतो? धक्क्यामुळे. काडतूस तेच असेल तर ३.२ किलोच्या बंदुकीपेक्षा ३.५ किलोची बंदूक खांद्याला सुमारे नऊ टक्के कमी ऊर्जा देते, हा साधा हिशोब. गॅसच्या बंदुका बहुधा थोड्या जड असतात, आणि त्यात तो धक्का किंचित लांबवून येत असल्यामुळे अंगाला मऊ लागतो. शिकायचं असेल तर मातीच्या तबकड्यांवर शेकडो काडतुसं उडवावी लागतात. खांदा दुखू लागला की माणूस चाप ओढण्याआधीच डोळे मिटतो, आणि ही बिचकण्याची सवय लागली की सुटता सुटत नाही. मिनेसोटात किंवा नॉर्थ डकोटात नोव्हेंबरच्या गारठ्यात जाणाऱ्याला मात्र मी तुमचाच सल्ला देईन: इनर्शिया, आणि तेलाऐवजी कोरडं वंगण.

साडेतीन इंचाबद्दल तुमच्याशी पूर्ण असहमत आहे. पाणपक्ष्यांसाठी शिशाचे छर्रे अमेरिकाभर १९९१ पासून बंद आहेत. पोलाद शिशापेक्षा हलकं, म्हणून छर्रा दोन नंबरांनी मोठा (म्हणजे लहान आकड्याचा) घ्यावा लागतो, इथपर्यंत तुमचं बरोबर. पण काडतुसाची लांबी वाढली म्हणून एकेका छर्ऱ्याचा जोर वाढत नाही. तो छर्ऱ्याच्या आकारावर आणि वेगावर ठरतो. लांबीने फक्त छर्ऱ्यांची संख्या वाढते. दोन नंबरचे पोलादी छर्रे एका औंसात साधारण १२५ बसतात. तीन इंची काडतुसात सव्वा औंस, म्हणजे १५६. साडेतीन इंचीत दीड औंस, म्हणजे १८७. या ३१ छर्ऱ्यांसाठी खांदा बराच जास्त सोसतो. पस्तीस-चाळीस यार्डांच्या आतल्या बदकासाठी १५६ पुरेसे आहेत, आणि सप्टेंबरातल्या टील या छोट्या बदकांसाठी तर ती चैनच. उंचावरच्या स्नो गूज या रानहंसांसाठी साडेतीन इंच घेणाऱ्याला मी नावं ठेवणार नाही. बाकीच्यांनी तेच पैसे बिस्मथ या धातूच्या छर्ऱ्यांच्या काडतुसांवर घालावेत: बिस्मथ पोलादापेक्षा बरंच जड, त्यामुळे लहान छर्रा तेच काम करतो.

चोकबद्दलही, म्हणजे छर्ऱ्यांचा फैलाव आवळणाऱ्या नळीच्या तोंडाबद्दलही, एक गोष्ट राहिली होती. पोलादी छर्रे शिशाच्या छर्ऱ्यांपेक्षा कमी फाकतात, म्हणून मॉडिफाइड या मध्यम चोकपासून सुरुवात करा आणि चोकवर पोलाद चालतं असं कोरलेलं आहे का ते बघा. मग ४० यार्डांवर मोठा कागद लावून ३० इंचांच्या वर्तुळात किती भोकं पडली ते मोजा. दोन निरनिराळी काडतुसं एकाच चोकमधून इतकी वेगळी पडतात की कागदाशिवाय काही बोलणं फोल आहे.

ऑटो-फाइव्ह सुंदर बंदूक आहे, तिच्याबद्दलचं तुमचं प्रेम मला समजतं. जॉन ब्राउनिंगने ती विसाव्या शतकाच्या उंबरठ्यावर रचली आणि तिची यंत्रणा आजही चालते. पण बदकांसाठी? बेल्जियममध्ये बनलेल्या नळ्यांतून पोलादी छर्रे झाडू नका, असं ब्राउनिंग कंपनी स्वतःच सांगते; चोकपाशी नळी फुगते. बदलत्या इन्व्हेक्टर चोकची जपानी नळी असेल तर चालेल. दुसऱ्या महायुद्धाआधीच्या सोळा बोअरमध्ये चेंबर आजच्या काडतुसापेक्षा आखूड असू शकतो, तो मोजून घ्या. आणि घर्षणाच्या रिंगा तपासल्याशिवाय पहिला बार काढू नका. या बंदुकीत नळी आणि बोल्ट एकत्र मागे येतात, त्यांना आवरायला रिंगा असतात. जड काडतुसांसाठी पोलादी रिंग स्प्रिंग आणि पितळी तुकडा यांच्यामध्ये हवी, हलक्यांसाठी ती स्प्रिंगच्या मागे, रिसीव्हरला (बोल्ट ज्यात सरकतो त्या धातूच्या सांगाड्याला) टेकून. हलक्या रचनेत जड काडतुसं झाडली की पुढची लाकडी मूठ तडकते. वापरलेल्या ऑटो-फाइव्हमध्ये तडा आधी तिथेच शोधावा. मॅगझिनमधला प्लगही (काडतुसांची जागा कमी करणारी दांडी) पाहा. जुन्या बंदुकांतून तो काढलेला असतो, आणि बदकांच्या शिकारीत एकूण तीनच काडतुसं मावली पाहिजेत: मॅगझिनमध्ये दोन, चेंबरमध्ये एक.

खरं तर माझ्या लेखातली मोठी उणीव तुम्ही दाखवली नाहीत, ती मीच सांगतो. दस्त्याच्या मापाबद्दल मी दोनच ओळी लिहिल्या होत्या. तयार दस्ते उंच माणसाच्या हिशोबाने येतात. साडेपाच फुटांच्या आतल्या माणसाने जाड जॅकेट घालून बंदूक उचलली की दस्ता काखेत अडकतो. दुकानातच, बंदूक रिकामी असल्याची खात्री करून, जॅकेट घालून डोळे मिटून ती खांद्याला लावा आणि मग डोळे उघडा. नळीवरची पट्टी भरपूर दिसली तर बार वर जाईल, फक्त रिसीव्हरची पाठ दिसली तर खाली. बऱ्याच नव्या बंदुकांबरोबर पातळ चकत्या येतात, त्या बदलून हे सुधारता येतं. जी बंदूक अशी गालाला नीट बसते ती घ्या, मग ती गॅसची असो की इनर्शियाची.

व्हिसाचा प्रश्न तुम्ही विचारलात हे फार बरं झालं. एच-१बी हा नॉन-इमिग्रंट, म्हणजे तात्पुरत्या वास्तव्याचा, व्हिसा आहे आणि अशा व्हिसावर बंदूक जवळ बाळगायला केंद्रीय कायद्याने मनाई आहे. अपवाद वैध शिकार परवाना असणाऱ्याला. दुकानात बंदूक खरेदीचा केंद्रीय फॉर्म ४४७३ भरताना तो परवाना सोबत हवा. ग्रीन कार्डधारकांना ही अट नाही. टेक्सासमध्ये २ सप्टेंबर १९७१ किंवा त्यानंतर जन्मलेल्यांना हंटर एज्युकेशनचा (शिकारीच्या सुरक्षिततेचा) अभ्यासक्रमही करावा लागतो. बदकांसाठी २५ डॉलरचा फेडरल डक स्टॅम्प (पाणपक्ष्यांच्या शिकारीसाठी लागणारं केंद्रीय तिकीट) वेगळा. भारतातल्या वाचकांनी मात्र हा लेख खरेदीचा सल्ला म्हणून घेऊ नये: १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा आणि त्यातली १९९१ ची दुरुस्ती यांनंतर तिथे रानबदकाची शिकार हा गुन्हा आहे.

एच-१बीवाल्यांनी तारीख मात्र डोक्यात पक्की ठेवावी. परवाना संपला की अपवादही संपतो, बंदूक नुसती कपाटात असली तरी. टेक्सासचा वार्षिक परवाना ३१ ऑगस्टला संपतो. नवा आधीच काढून ठेवा.