प्रवाळावर गुडघे टेकण्याची शास्त्रोक्त पद्धत

बोटीवरच मुक्काम ठोकून सलग काही दिवस प्रवाळखडकांवर स्कूबा डाइव्हिंग करण्याची हौस हल्ली बरीच वाढली आहे. परंतु अशा सहलीत नेमके कसे वागावे, याचे मनमोकळे मार्गदर्शन मात्र कोठेही मिळत नाही. जे मिळते ते ‘हात लावू नका, हळू वर या, एकमेकांवर लक्ष ठेवा’ अशा रडक्या सुरातले असते. नुकत्याच झालेल्या एका सहलीत एका अत्यंत अनुभवी गृहस्थांच्या सान्निध्यात पाण्याखाली राहण्याचे भाग्य मला लाभले. त्यांच्या पायातल्या फिनचा, म्हणजे पोहण्याच्या रबरी पंखाचा, फटका माझ्या मास्कवर बसला आणि डोळ्यांत खारे पाणी शिरले, त्याच क्षणी ही उणीव भरून काढण्याची मला स्फूर्ती झाली.

आरंभ बोटीवर चढण्यापूर्वीच करावा. प्रकृतीविषयीचा जो छापील अर्ज हाती दिला जातो, त्यातील प्रत्येक प्रश्नापुढे, तो न वाचता, ‘नाही’ अशी खूण करावी. दमा, कानाचे जुने दुखणे, हृदयावरची शस्त्रक्रिया या आपल्या खाजगी बाबी आहेत आणि त्या जाणून घेण्याचा अधिकार, वेळ आल्यास आपल्याला खोल पाण्यातून ओढून वर आणणाऱ्या माणसाला असण्याचे काहीच कारण नाही.

शेवटची डाइव्ह कधी केली होती असे कोणी विचारल्यास ‘अलीकडेच’ म्हणावे.

डाइव्हमास्टर, म्हणजे डाइव्हचा प्रमुख, फळ्यावर प्रवाळखडकाचा नकाशा काढून प्रवाह कोणत्या बाजूने आहे, किती खोल जायचे आहे आणि टाकीत किती हवा उरली की खूण करायची हे सांगत असेल, तेव्हा आपण मागच्या बाकावर बसून कालचे फोटो पाहावेत. पाण्यात शिरल्यावर त्याच्यासमोर दोन्ही हात पसरून ‘आता कुठे?’ असा प्रश्न करावा. तोंडात रेग्युलेटर, म्हणजे टाकीतली हवा श्वासासाठी देणारे यंत्र, असल्यामुळे त्याला जे उत्तर द्यावेसे वाटते ते देता येत नाही, ही पाण्याखालची मोठीच सोय आहे.

पाण्याखाली राहता यावे म्हणून कमरेला बांधायचे शिसे मात्र भरपूर मागून घ्यावे, कारण या संपूर्ण पद्धतीचा पाया तेच आहे. गरजेपेक्षा दोन-तीन किलो वजन जास्त असले, की सारखे खाली जाऊ नये म्हणून तरंगण्यासाठी घातलेल्या फुगवायच्या जॅकेटमध्ये जास्त हवा भरावी लागते. खोली थोडी बदलली तरी ती हवा आकसते किंवा फुगते. छाती वर उचलली जाते, पाय खाली लोंबकळतात आणि आपण आडवे तरंगण्याऐवजी सायकल चालवल्यासारखे उभ्याने पोहू लागतो. या आसनात फिनचा प्रत्येक फटका खालच्या प्रवाळाच्या शेंड्यांवर अचूक बसतो आणि सोबत वाळूचा लोटही उठतो. हवेचा काटा आणि जादा रेग्युलेटर जॅकेटला न अडकवता मोकळे सोडले, तर जे फिनमधून सुटते ते त्यांच्या तडाख्यात सापडते.

डोक्यापासून घोट्यापर्यंत वेटसूट घातलेला असला, तरी उडी मारण्याच्या क्षणभर आधी सनस्क्रीनचा जाड थर थापायला विसरू नये. ऑक्सिबेंझोन हे प्रवाळाला घातक मानले जाणारे रसायन असलेली सनस्क्रीन प्रशांत महासागरातल्या पलाऊ या बेटांच्या देशाने 2020 पासून बंद केली आणि हवाईने 2021 पासून त्यांच्या विक्रीवर बंदी घातली. तेथील लोकांना पाहुण्याच्या नाकाच्या शेंड्यापेक्षा प्रवाळाची चिंता अधिक वाटते, हे त्यांचे दुर्दैव होय.

बडी, म्हणजे पाण्याखाली एकमेकांवर लक्ष ठेवायचा जोडीदार, नेमून दिला असेल, तर तो पाण्यात शिरेपर्यंत त्याच्याकडे पाहून हसावे. पुढे तो त्याचा आणि आपण आपले.

आता मुख्य विषयाकडे, म्हणजे कॅमेऱ्याकडे वळू. कॅमेरा शक्य तितका मोठा असावा, त्याला दोन्ही बाजूंनी दिव्यांचे लांब हात फुटलेले असावेत आणि तो हाती असताना जगात दुसरे कोणीही नाही अशी मनाची पक्की धारणा असावी. आमच्या त्या गृहस्थांनी याचा जो वस्तुपाठ दिला, तो पिग्मी समुद्रघोड्याचा होता. हा प्राणी जेमतेम दोन सेंटिमीटरचा असून गॉर्गोनियन नावाच्या पंख्यासारख्या प्रवाळावर, त्याच रंगाचे आणि तसेच पुटकुळ्यांचे अंग घेऊन चिकटून राहतो. तो इतका बेमालूम दडतो, की 1969 साली न्यू कॅलेडोनियात त्याचा शोधसुद्धा मत्स्यालयासाठी तोडून आणलेला गॉर्गोनियन न्याहाळताना लागला. असा प्राणी आमच्या मार्गदर्शकाने बोटाने नव्हे, तर दुरून दिव्याच्या झोताने दाखवला, आणि बाकीचे आम्ही आपापल्या पाळीची वाट पाहत प्रवाहात तरंगत राहिलो. गृहस्थ पुढे झाले. त्यांनी प्रथम उजवा गुडघा एका पसरट टेबल प्रवाळावर टेकला. मग स्थैर्य अपुरे वाटल्यामुळे डावा हात एका फांदीदार प्रवाळात रोवला. पाण्यात आवाज लांबवर पोहोचतो. ती फांदी मोडल्याचा ‘कट्’ असा कोरडा आवाज मी काही मीटरवरून स्पष्ट ऐकला. तुटलेल्या टोकाचा पांढराशुभ्र, खडूसारखा भाग उघडा पडला आणि त्या फांद्यांमध्ये राहणारे चिमुकले निळे मासे, घराचे छप्परच उडाल्यामुळे, त्याच जागेवर गोलगोल फिरू लागले. गृहस्थांना ते दिसणे शक्य नव्हते, कारण ते फोकस करत होते. समुद्रघोड्याने पाठ फिरवली. तेव्हा त्यांनी खिशातून धातूची कांडी काढून त्याला हळूच, अगदी वात्सल्याने, कॅमेऱ्याकडे वळवले आणि पापण्याच नसलेल्या त्या डोळ्यांवर फ्लॅशमागून फ्लॅश उडवले. मागे रांग आहे, प्रत्येकाच्या टाकीतली हवा संपत आहे आणि वीस मीटरवर ती पृष्ठभागावरच्या तिप्पट वेगाने संपते, असल्या क्षुद्र गोष्टी कलावंताच्या गावीही नसतात. शेवटी समाधान झाल्यावर त्यांनी टेबल प्रवाळाला पायाने जोरात रेटा दिला आणि ते निघाले. माझ्या मास्कचा प्रसंग याच उड्डाणात घडला. त्यांच्यामागे पाळी आलेल्या बाईंना तिथे फक्त गढूळ पाणी दिसले.

कासव श्वास घेण्यासाठी वर जाऊ लागले, की त्याच्या आणि पृष्ठभागाच्या मध्ये जावे, म्हणजे दोघांचा एकत्र फोटो येतो.

कॅमेरे धुण्याच्या गोड्या पाण्याच्या टबात आपले वाळूने भरलेले बूट बुचकळावेत.

शेवटच्या दिवशी, सकाळची डाइव्ह आटोपून संध्याकाळचे विमान गाठावे. अनेक दिवस लागोपाठ डाइव्ह केल्यानंतर किमान 18 तास विमानात बसू नये असे जाणकार सांगतात, कारण ऊतींमध्ये साठलेला नायट्रोजन विमानातल्या कमी दाबाखाली बुडबुडे धरतो. पण तिकीट आधीच काढलेले असते आणि नायट्रोजनने आपल्याला विचारून तारीख ठरवलेली नसते.

याउपर कोणी तोंड उघडलेच, तर एक हुकमी उत्तर तयार ठेवावे: ‘समुद्र तापून सगळे प्रवाळ मरणारच आहे, माझ्या गुडघ्याने काय होते?’ हे उत्तर त्या गृहस्थांनी मला रात्री जेवणाच्या टेबलावर दिले, आणि इथे माझा मार्गदर्शनाचा उत्साह संपतो.

अहो, तापतो आहे, हे खरे आहे. 1998 साली जगभरचे प्रवाळ पांढरे पडले, 2010 साली पडले, 2014 ते 2017 या काळात पडले, आणि चौथ्यांदा पडत असल्याचे एप्रिल 2024 मध्ये जाहीर झाले. पण पांढरे पडलेले प्रवाळ लगेच मेलेले नसते. उष्णतेमुळे त्याच्या पेशींतले, त्याला अन्न पुरवणारे शैवाल निघून गेलेले असते. पाणी वेळेत निवले तर ते परतते आणि प्रवाळ सावरते. तो उपाशी जीव जगण्याची धडपड करत असताना तुम्ही त्याच्यावर वाळू उडवता, तेव्हा उरलीसुरली शक्ती त्याला चिकट द्रव सोडून ती वाळू झटकण्यात घालवावी लागते. तुमचा गुडघा नगण्य नाही. घुमटासारखे गोल पोराइट्स प्रवाळ वर्षाला साधारण एक सेंटिमीटर वाढते. माणसाच्या उंचीच्या घुमटाला दीड-दोनशे वर्षे लागलेली असतात, आणि त्यावर तुम्ही बूड टेकून बॅटरी बदलता. लाज वाटत नाही?

आणि हे बघून न बघितल्यासारखे करणारे बोटवाले, तुम्हीही काही कमी नाही. त्या मार्गदर्शकाने सगळे पाहिले होते. पहिल्या डाइव्हनंतरच माणसाला बाजूला घेऊन ‘कॅमेरा वर ठेवा, नाहीतर उद्या बोटीवर बसा’ एवढे सांगायला काय जड गेले? बक्षिशी कमी झाली असती, हेच ना? पंधरा-वीस जणांच्या सहलीचा एका माणसाने चिखल केला तो त्याच्या एकट्याच्या जिवावर नाही, तुमच्या मुकेपणाच्या जिवावर.

ज्यांना पाण्यात एका जागी, कशालाही न धरता, एक मिनिट तरंगता येत नाही, त्यांनी आधी तरणतलावात ते शिकावे, मग उघड्या वाळूवर सराव करावा, आणि तोपर्यंत कॅमेऱ्याला हात लावू नये. जमत नसेल तर प्रवाळापासून दोन मीटर वर राहून पाहा. तेवढ्यावरून सगळे दिसते. आणि गृहस्थहो, रात्री लॅपटॉप सगळ्यांपुढे फिरवत तुम्ही तक्रार करत होतात, की इतकी मेहनत करूनही फोटो धूसर आला, पाण्यात सगळीकडे पांढरे कण दिसतात. दिसणारच. ती वाळू तुम्ही उडवली होती.