गाणं वर्गात हवं, पण नुसत्या चालीपुरतं नको

हल्ली शाळांचे व्हिडिओ सारखे फिरत असतात. गाजलेल्या सिनेमागीताच्या चालीवर पाढे, नाहीतर व्याकरणाचे नियम. मुलं खूश असतात, चालीमुळे पाठांतरही सोपं होतं. चांगलंच आहे. पण त्यात गाण्याचे मूळ शब्द बाहेर राहतात, फक्त ठेका आत येतो. मी शिक्षिका म्हणून आग्रहानं सांगते, लोकांच्या ओठांवरचं गाणं जसंच्या तसं वर्गात आणा आणि त्यालाच धडा करा.

आपलं राज्यगीत ‘जय जय महाराष्ट्र माझा’च घ्या. राजा बढे यांचे शब्द, श्रीनिवास खळे यांचं संगीत, शाहीर साबळे यांचा आवाज. 2023 मध्ये ते राज्यगीत झालं, पण लोकांचं ते कितीतरी आधीपासून होतं. मुलांना पाठ असतं. त्यातल्या नद्या नकाशावर दाखवा म्हटलं की मात्र बोटं अडखळतात. रेवा म्हणजे नर्मदा, ती नंदुरबारच्या उत्तर सीमेवर सापडते. कोयना कराडला कृष्णेला भेटते. आणि भीमथडीच्या तट्टांना, म्हणजे भीमेकाठच्या घोड्यांना, यमुनेचं पाणी कशाला पाजायचं? या एका प्रश्नावर अठराव्या शतकातल्या मराठ्यांच्या दिल्लीपर्यंतच्या स्वाऱ्यांचा अख्खा तास उभा राहतो.

पण माझं सगळ्यात लाडकं उदाहरण म्हणजे अण्णाभाऊ साठे यांची ‘माझी मैना गावाला राहिली’ ही छक्कड, म्हणजे लावणीचाच एक प्रकार. संयुक्त महाराष्ट्राचा धडा आठवीच्या मुलांना तारखांची यादी वाटतो. 1 नोव्हेंबर 1956 ला द्विभाषिक मुंबई राज्य, 1 मे 1960 ला महाराष्ट्र; लिहा आणि विसरा. ही छक्कड लावली की पोटासाठी मुंबईला आलेला माणूस बोलू लागतो. बायको गावाकडं, जीव तिच्यापाशी. मुलं त्याच्या विरहात पुरती गुंतलेली असताना अण्णाभाऊ अचानक म्हणतात की हीच गत या खंडित महाराष्ट्राची झाली आहे, आणि बेळगाव, कारवार, डांग, उंबरगाव ही नावं येतात. तिथं गाणं थांबवायचं आणि नकाशा उघडायचा. ज्यांचे वडील किंवा काका मुंबई-पुण्यात कामाला आहेत, ती मुलं या वेळी सगळ्यात जास्त बोलतात, हे मी पुन्हा पुन्हा पाहिलं आहे. पुस्तकातली चळवळ त्यांच्या घरातली होते.

“लावणी? वर्गात?” असं लोक विचारतात. मैनेच्या रूपाचं वर्णन त्यांना खटकतं. मला ते अजिबात पटत नाही. त्या वर्णनामुळेच तिचा दुरावा खरा वाटतो, आणि दुरावा खरा वाटला तरच पुढचा महाराष्ट्र कळतो. ते कडवं कापलं तर गाण्याचा कणाच मोडतो. शिवाय चळवळीत हे गाणं कामगारांच्या सभांमधून घुमलं. अण्णाभाऊ, अमर शेख आणि गव्हाणकर या शाहिरांच्या लाल बावटा कलापथकानं डफ-तुणतुण्यावर राजकारण समजावलं, ते वर्तमानपत्र न वाचता येणाऱ्या माणसांनाही कळलं. अशा गाण्याला शाळेनं दारात का अडवावं?

यासाठी वेगळं साहित्य लागत नाही. शाळेत स्पीकर असतो, पण तो गॅदरिंग आणि झेंडावंदन सोडून कपाटात पडलेला असतो. तो इतिहास-भूगोलाच्या शिक्षकांना द्या. गाणं आधी पूर्ण ऐकवा, मग फळ्यावर शब्द लिहा, मग तुकड्यातुकड्यानं पुन्हा ऐकवा. आणि मुलांनी स्वतःच्या मोबाइलवरचं गाणं आणलं तर तेही याच गांभीर्यानं ऐका: हे कोण म्हणतंय, कुणाला म्हणतंय, कुठल्या गावातून म्हणतंय?

तुमच्या विषयाला कुठलं गाणं चालेल, कमेंटमध्ये सांगा. पुढच्या सत्राचं नियोजन करतेय, मला गाणी खरंच हवी आहेत.