दोन वजा करायचे, बास!

शनिवारी सकाळी सातची बॅच, कॉम्प्युटर नेटवर्किंगच्या क्लासची. कात्रजहून पीएमटीत लोंबकळत डेक्कन गाठायचं, तीन जिने चढायचे, आणि वर काय, तर सर फळ्यावर १२८, १९२, २२४, २४०, २४८, २५२ असा पाढा लिहिणार आणि म्हणणार, "पाठ करा." अहो, मी तिसरीत आहे का? फी आधीच भरून बसलो नसतो तर दुसऱ्याच शनिवारी घरी झोपलो असतो. निदान झोप तरी पदरात पडली असती.

पहिल्या दिवशी आयपी ॲड्रेसची, म्हणजे नेटवर्कवरच्या मशीनला मिळणाऱ्या नंबराची, एकच समजावणी: "आयपी ॲड्रेस म्हणजे घराचा पत्ता." झालं. पण पुण्यात आपण पत्ता लिहितो घर नंबर आधी, मग पेठ, मग पुणे ३०. आयपीत सगळं उलटं, मोठं आधी. त्यापेक्षा पिनकोड तरी घ्यायचा होता! ४११०३०. त्यातलं ४११ पुण्याचं, पुढचं ०३० सदाशिव पेठेचं. नागपुरात पत्र गोणीत टाकणाऱ्याला ४११ दिसलं की पुरे, पेठ कुठली याच्याशी त्याचं देणंघेणं नाही. लांबचा राउटर, म्हणजे नेटवर्कमधला टपालवाला, हेच तर करतो. हे एक वाक्य माझं मला सापडायला दोन महिने लागले.

बरं, पिनकोडातली ही रेघ कायम तीन आकड्यांनंतरच. आयपीत ती सरकते, आणि डोक्याची मंडई होते ती तिथेच, कारण ती थेट आकड्याच्या पोटातून जाते. आपण वाचतो १९२.१६८.१०.७७/२७. २७ म्हणजे पहिले २७ बिट (एक-शून्याची घरं, दर आकड्यात आठ) नेटवर्कचे, आपल्या ४११ सारखे. पहिल्या तीन आकड्यांत २४ संपले, उरले तीन. ते तीन ७७ मध्ये कुठे दिसतात? कुठेच नाही! ७७ हा आकडा कितीही वेळ बघत बसा.

शेवटी एका रात्री वैतागून चुलतभावाच्या लग्नपत्रिकेच्या कोऱ्या पानावर ७७ बायनरीत लिहिलं: ०१००११०१. तीन बिटांनंतर पेनाने उभी रेघ मारली. ०१०|०११०१. रेघेच्या उजवीकडे सगळी शून्यं केली, आले ६४, म्हणजे नेटवर्क. सगळे एक केले, आले ९५, ब्रॉडकास्ट, म्हणजे सगळ्या मशीनना एकदम हाक मारायचा पत्ता. मधले ६५ ते ९४ मशीनना वाटायला. आणि रेघेच्या डावीकडे सगळे एक, उजवीकडे शून्य लिहिलं की १११०००००, म्हणजे २२४. अरे, हाच तो पाढा! दहा मिनिटांचं काम होतं हो. पत्रिकेचा जाड कागद आणि एक रेघ. एवढ्यासाठी माझे सगळे शनिवार गेले.

६४ ते ९५ मिळून पत्ते ३२. मी एकदा विचारलं होतं, "सर, ३२ मधून दोन का वजा करायचे?" उत्तर काय, तर "परीक्षेत दोन वजा करायचे, बास!" मागच्या बाकावरचे हसले. माझ्या आजोळी वाड्याच्या वाटण्या झाल्या तेव्हा प्रत्येक भावाच्या हिश्श्यातली थोडी जागा जिन्यात आणि बोळात गेली. जितक्या वाटण्या जास्त, तितके जिने जास्त. सबनेटचंही, म्हणजे नेटवर्कच्या वाटणीचंही, तेच. २५६चा अख्खा वाडा असेल तर २५४ मशीन बसतात. ३२-३२ च्या आठ वाटण्या करा, दर वाटणीत पहिला पत्ता नेटवर्कच्या नावाचा, शेवटचा ब्रॉडकास्टचा, राहिले ३० गुणिले आठ, २४०. आणि ते "बास"सुद्धा खोटं. दोन राउटरमधल्या थेट जोडणीला /३१ चालतं, दोन्ही पत्ते वापरता येतात, काही वजाबिजा नाही. ही सोय २००० सालापासून आहे.

पण हे सांगायला सरांना वेळ कुठून असणार? दोन शनिवार क्लास ए, क्लास बी, क्लास सी, म्हणजे रेघ ठरावीक जागीच मारायची जुनी वर्गवारी, करण्यात गेले ना! १९९३ मध्ये सीआयडीआर, म्हणजे रेघ हवी तिथे सरकवायची पद्धत, आलं आणि ही वर्गवारी मोडीत निघाली. तेव्हा मी जन्मलोही नव्हतो. इतिहास म्हणून सांगा की, पाच मिनिटांत सांगा. वह्या कसल्या भरून घेता?

याचा फटका कुठे बसला ते ऐका. खराडीत मुलाखत. समोरच्या बाईंनी शांतपणे विचारलं, "१७२.२०.५.९ प्रायव्हेट आहे का?" म्हणजे फक्त घरच्या-ऑफिसच्या आतल्या नेटवर्कसाठी राखलेला पत्ता आहे का. मी ठणकावून म्हणालो, "नाही." कारण वहीत सरांनी लिहून दिलेलं: १७२.१६ म्हणजे प्रायव्हेट. त्याच्यापुढचं /१२ लिहिलंच नव्हतं! पुन्हा तीच रेघ, या वेळी दुसऱ्या आकड्याच्या मधोमध. १६ म्हणजे ०००१|००००, ३१ म्हणजे ०००१|११११, आणि मधलं सगळं आत. २०सुद्धा. बाईंनी कागदावर काहीतरी खूण केली आणि, "ठीक आहे, कळवू आम्ही," म्हणाल्या. पुण्यात 'कळवू' म्हणजे काय ते मी सांगायला नको.

काल दुपारी त्याच क्लासमधून फोन. "सर, आयपीव्ही६ची नवी बॅच सुरू होतेय. जुन्या विद्यार्थ्यांना फीत सवलत." म्हणजे आयपी पत्त्याची नवी, लांबलचक आवृत्ती. तिथे १२८ बिट, आकड्यांत वर ए ते एफ अक्षरंसुद्धा. मी विचारलं, "त्यात तरी रेघ कुठे पडते ते दाखवणार का?"

"कसली रेघ, सर?"