मधले दात का उडाले: पिस्टनबद्दलच्या तक्रारीला दुकानाचं उत्तर

नमस्कार. तुम्ही मराठीत लिहिलंत, म्हणून मीही मराठीतच उत्तर देतो. तुमचं म्हणणं असं, की तुमच्या एअरसॉफ्ट बंदुकीत (खेळातली, बॅटरीवर चालणारी, प्लॅस्टिकच्या गोळ्या मारणारी) आम्ही नवा पिस्टन, म्हणजे हवा दाबून गोळी ढकलणारा दट्ट्या, बसवला, तरी दुसऱ्याच खेळात ट्रिगर दाबला की नुसती घरघर, गोळी बाहेर येईना. म्हणजे आम्ही हलका माल टाकला आणि दोष तुमच्या बॅटरीवर ढकलला. अख्खा रविवार बाहेर बसून काढावा लागला, तर राग येणारच. पण हलक्या मालाचा आरोप मला मान्य नाही.

तुटलेला पिस्टन मी ठेवून दिला आहे. त्याचा पहिला दात शाबूत आहे. गिअर चुकीच्या कोनात भिडत असता, तर आधी तोच झिजला असता. उडालेत ते मधले दात, सलग. पिस्टन पुढे पोचायच्या आतच सेक्टर गिअर (पिस्टनला मागे ओढणारा गिअर) पुढची फेरी घेऊन आला आणि त्याने पिस्टनला वाटेतच पकडलं. मोटर फार जोरात पळाली किंवा स्प्रिंग पिस्टनला वेळेत पुढे नेऊ शकली नाही, की हे होतं. तुमच्याकडे दोन्ही झालंय. आम्ही बंदूक ७.४ व्होल्टच्या बॅटरीवर तपासून दिली होती, परत आली ती ११.१ व्होल्टच्या लायपो (लिथियम पॉलिमर) बॅटरीसकट. आणि आतली स्प्रिंग आम्ही ठेवलेली नव्हती, त्याहून बरीच नरम होती. या मॉडेलमध्ये गिअरबॉक्स न उघडता मागून स्प्रिंग बदलता येते. इनडोअर मैदानासाठी बदलली असेल, त्यात गैर काहीच नाही. पण नरम स्प्रिंग आणि ११.१ ही जोडी पिस्टन खाते.

मग सगळे दात स्टीलचे असलेला पिस्टन का नाही? तो टाकला, तर तोच दणका सेक्टर गिअरला बसेल. गिअरचा दात तुटला, की तुकडे आत फिरून बाकीचे गिअरही जातात.

शिमिंगचे, म्हणजे पातळ चकत्या घालून गिअर नीट बसवण्याचे, पैसे वेगळे का, तर तिन्ही गिअर मोकळे फिरायला हवेत आणि वर-खाली हलताही कामा नयेत. त्यासाठी ०.१ मिलिमीटरच्या चकत्या घालायच्या, काढायच्या, दर वेळी गिअरबॉक्स स्क्रूने आवळून बघायचा. शेवटी ग्रिपखालच्या स्क्रूने मोटरची उंची लावायची, तीही आवाज ऐकत ऐकत. हे घाईत केलं तर पिनियन, म्हणजे मोटरच्या टोकाचा छोटा गिअर, घासतो.

आता स्वतःच उघडणार असं लिहिलंत. जरूर उघडा, पण मॅगझिन आणि बॅटरी आधी काढा, आणि गिअरबॉक्सचे दोन भाग सुटे करण्याआधी स्प्रिंग मागून बाहेर घ्या. नाहीतर ती सगळे पार्ट उडवते, डोळ्याला लागू शकतं.

११.१ वरच खेळायचं असेल तर माझा सल्ला असा: जुनी स्प्रिंग परत घाला आणि सेक्टर गिअरचे सोडणाऱ्या बाजूचे दोन दात कमी करू. पिस्टन लवकर सुटेल आणि गोळीचा वेगही उतरेल, जो तुम्हाला इनडोअरसाठी उतरवायचाच आहे. इथे ब्रिटनमध्ये ऑटोमॅटिकला कायद्याने १.३ ज्यूलची मर्यादा आहे, त्यामुळे क्रोनोवर, म्हणजे गोळीचा वेग मोजणाऱ्या यंत्रावर, मोजूनच देईन. या कामाचं लेबर घेणार नाही, पार्टचे पैसे तेवढे द्या. येताना ती बॅटरी आणा, तिच्यावरच चालवून दाखवतो.