वर्षवलये आणि सीझियम

झाडाच्या प्रत्येक वर्षवलयात (खोडात दरवर्षी तयार होणाऱ्या लाकडाच्या कड्यात) त्याच वर्षी पडलेली किरणोत्सारी द्रव्ये जशीच्या तशी साठून राहतात, असे कर्नाटकातील कैगा अणुवीज केंद्राच्या परिसरातील झाडांची वलये तपासण्याची सूचना करणाऱ्या एका लेखात सरसकट म्हटले आहे. ते कार्बन-१४ला (कार्बनच्या किरणोत्सारी प्रकाराला) लागू पडते, अणुचाचण्या व अणुअपघातांतून पसरणाऱ्या सीझियम-१३७ला नाही. अणुचाचण्यांमुळे हवेत वाढलेला कार्बन-१४ त्या वर्षीच्या लाकडातील सेल्युलोजमध्ये (लाकडाच्या मुख्य तंतुद्रव्यात) बांधला जातो व तेथून हलत नाही. सागाची वलये सहसा वार्षिक व स्पष्ट असल्याने १९६०च्या दशकातील कार्बन-१४ची ही वाढ आमच्या खानापूर तालुक्यातील जुन्या सागवानाच्या ओंडक्यातही मोजता यावी.

सीझियम मात्र झाडात पोटॅशियम या पोषकद्रव्याच्या वाटेने फिरते. ते प्रथम पानांवर व सालीवर अडकते, काही अंशी तेथूनच आत शिरते, उरलेले पावसाबरोबर व पानगळीतून जमिनीच्या वरच्या थरात उतरते आणि पुढे मुळांवाटे वर्षानुवर्षे पुन्हा वर चढत राहते. शिवाय ते खोडात आडवेही सरकत असल्याने १९८६च्या चेर्नोबिल अपघातातील सीझियम त्याआधीच्या वलयांतही आढळते. मातीचाही यात मोठा वाटा आहे. काही चिकणमातींत ते घट्ट धरले जाते, पण पोटॅशियम कमी असलेल्या आम्लधर्मी जमिनीत (आमच्या पश्चिमेकडील जांभ्या जमिनी बहुधा तशाच) झाडे ते अधिक उचलतात.

त्यामुळे कैगा अणुवीज केंद्राच्या परिसरातील वलये तपासण्याची लेखातील सूचना कार्बन-१४पुरती योग्य वाटते. सीझियमसाठी पालापाचोळा, शेवाळ आणि वरच्या मातीचे नमुने घेणे अधिक उपयोगी ठरेल.